कंधारच्या किल्ल्यांतील चौक व त्यांचा जीर्णोद्धार

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील किल्ल्यांचा विचार करूं लागल्यावर प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. माहूरगड सोडला तर येथील नांवाजलेले किल्ले डोंगरी नाहींत. कंधार, औसा व उदगीर हे तिन्ही भुईकोट होत. उदगीरचा किल्ला पठाराच्या कांठावर आहे, एवढाच काय तो डोंगराचा आधार. औशाचा तर चहूंकडील उंचवट्यांच्या मध्यें सखल जागीं आहे. डोंगरी किल्ल्यास जें संरक्षण कड्यानें मिळतें, तें येथें खंदकानें, दुहेरी तटानें व आंतील चौकांच्या मांडणीनें साधावें लागलें. सबब भुईकोटांतील चौक म्हणजे केवळ मोकळें अंगण नव्हे. तो तटबंदीचाच एक भाग समजला पाहिजे.

कंधार हें राष्ट्रकूटांचें प्रसिद्ध नगर. तिसऱ्या कृष्णाच्या (इ. स. ९३९ ते ९६७) काळीं तें ऐन भरभराटींत होतें. पुढें तें बहामनींकडे गेलें. त्यांच्या पडत्या काळीं कासीम बरीदानें औसा, कंधार व उदगीर हीं स्थळें बळकाविलीं. त्यानंतर निजामशाही, व इ. स. १६३१ मध्यें मोगल. उदगीर व औसा हे किल्ले खान दौरानानें इ. स. १६३६ त घेतले. इतके धनी झाल्यावर एकाच चौकांत चार काळांचें काम सांपडावें यांत नवल नाहीं. किल्ल्यांत ठेविलेल्या जैन व ब्राह्मणी मूर्ति, दरवाज्यांवरील फारसी लेख आणि लाल महाल, राणी महाल यांच्या चुनेगच्ची भिंती एका फेरींत पाहिल्या म्हणजे ही गोष्ट कोणासही पटेल.

अशा किल्ल्यांतील वाट सरळ आंत जात नाहीं. एका दरवाज्यांतून शिरल्यावर मनुष्य भिंतींनीं वेढलेल्या लहानशा चौकांत येतो. पुढील दरवाजा समोर नसून बाजूस असतो. हल्ला करणारास येथें वळावें लागे, व वळतां वळतां वरून मारा होई. त्याच्या आंत पहारेकरी व घोडीं, नंतर दरबारी जागा, आणि सर्वांच्या आंत महाल व हौद. हा क्रम सर्वत्र तंतोतंत आढळेल असें नाहीं. पण मोडक्या चौथऱ्यांवरून मूळ मांडणी ओळखण्यास तो उपयोगी पडतो.

आतां जीर्णोद्धार. आमच्या मतें येथें सर्वांत मोठा घात चौकाच्या पातळीबाबत होतो. शेंकडों वर्षांच्या पडझडीनें चौक भरून येतात, दरवाज्यांचे उंबरे बुजतात, आणि काम करणारे त्या भरावावरच नवी फरशी घालून मोकळे होतात. मग पावसाचें पाणी मूळ मोरीकडे न जातां भिंतींच्या पायांत मुरतें. म्हणून आधीं मोरीचें तोंड शोधावें, उंबरा मोकळा करावा, व या दोहोंवरून जुना उतार ठरवावा. काढलेली माती चाळल्याशिवाय फेंकूं नये. नाणीं, खापरें, चुन्याचे नक्षीदार तुकडे तिच्यांतच असतात. चौकाचा इतिहास त्या मातींत थराथरानें आहे, व एकदां ती गाडींत भरली कीं तो गेला.

दुसरा घात सिमेंटाचा. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट ती कोंडून धरतें. ओल मग जुन्या विटांतून व दगडांतून वाट काढते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागीं सांठतात आणि पापुद्रे सुटूं लागतात. दरज शाबूत, पण वीट गेली, असा प्रकार डागडुजी झालेल्या पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतो. चुना विरवून, वाळू वा सुरखी मिसळून घाणींत मळण्याची जुनी रीत वेळखाऊ खरी. परंतु जुन्या भिंतीशीं जुळतें तेंच. चुनेगच्चीचें महत्त्व आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. आज्ञापत्रांत राजमंदिराच्या भिंतींस उंदीर-विंचवांना जागा राहूं नये इतकी बारीक दृष्टि आहे.

नव्या दगडावर सालाची लहान खूण असावी. नाहींतर पुढील संशोधक आजच्या पाथरवटाचें काम बरीदशाहीचें ठरवील!

कागदांचाही आधार घेतला पाहिजे. शहाजहान व औरंगजेब यांच्या काळचे दक्षिणेंतील हजारों फारसी कागद औरंगाबादच्या किले अर्कांतून इ. स. १९१६ सालीं हैदराबादेस गेले. त्यांतील थोडकेच छापले गेले आहेत. याखेरीज कंधार, औसा व उदगीर परगण्यांतील देशमुख-देशपांड्यांच्या घरीं मोडी रुमाल असण्याचा पुष्कळ संभव आहे. संग्राहकांनीं सनदांइतकेंच लक्ष चुना, वीट, सुतार, गवंडी यांच्या हिशेबाच्या फर्दांकडेही द्यावें. असे कागद निरुपयोगी म्हणून बाजूस टाकले जातात. पण कोणत्या सालीं कोणती भिंत उभी राहिली हें अशाच एखाद्या फर्दींत सांपडावयाचें. असा कागद हातीं आल्यास त्याची नक्कल, मापें व मित्ती जशीच्या तशी ठेवून, आमच्याकडे धाडावी.