परमुलखातला बाळंतविडा

आपल्या घरात मूल जन्माला यावयाचे असले की बाळंतविड्याची तयारी कित्येक आठवडे आधी सुरू होते. आजी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवते, मावशी झबली-टोपडी आणते, आत्या पाळण्याची चौकशी करते. बाळाला काय लागते, किती लागते आणि ते कोणत्या पेढीवर चांगले मिळते, हे सांगणारी चार अनुभवी माणसे घरातच असतात. परंतु ज्यांचे दत्तक मूल दुसऱ्या देशातील बालगृहात वाढत असते, त्या आईबापांना हा सारा विडा परक्या गावात, परक्या भाषेत आणि बहुधा एखाद-दुसऱ्या दिवसात जमवावा लागतो. शिवाय त्यांचे मूल नवजात नसते. त्याला चव कळत असते, वास कळत असतो, कोणत्या हातून दूध प्यावयाचे हेही त्याचे ठरलेले असते. म्हणून या खरेदीचे शास्त्र आपल्या नेहमीच्या खरेदीहून वेगळे आहे आणि ते समजून घेण्याजोगे आहे.

या विषयाचा सर्वांत मोठा अनुभव जगाने घेतला तो चीनमध्ये. तेथील दत्तक कायदा १ एप्रिल १९९२ रोजी अमलात आला आणि परदेशी कुटुंबांना चिनी मुले दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा झाला. एका अपत्याच्या सक्तीच्या धोरणामुळे तेथील बालगृहे प्रामुख्याने मुलींनी भरलेली होती. पुढील तीन दशकांत दीड लाखांहून अधिक मुले परदेशी गेली व त्यांतील निम्म्याहून अधिक अमेरिकेत गेली. २००५ या एका वर्षात अमेरिकन कुटुंबांनी सुमारे ७,९०० चिनी मुले दत्तक घेतली. प्रत्येक मुलामागे एक प्रवास होता आणि प्रत्येक प्रवासात ही खरेदी होती.

प्रवासाचा क्रम साधारण ठरलेला असे. मूल ज्या प्रांतातले, त्या प्रांताच्या राजधानीत आईबापांनी प्रथम जावयाचे. तेथे नागरी व्यवहार कार्यालयात किंवा हॉटेलच्या दालनात बालगृहातील सेविका मुलाला घेऊन येत आणि काही मिनिटांतच ते नव्या आईच्या हाती दिले जाई. त्यानंतर नोंदणी व पारपत्र यांसाठी आठवडाभर थांबावयाचे आणि मग दक्षिणेकडील ग्वांगझौ शहरी जावयाचे, कारण दत्तक मुलांचा अमेरिकेचा व्हिसा तेथील वाणिज्य दूतावासातूनच मिळे. एकंदर दोन आठवड्यांचा हा मुक्काम असे.

आता हिशेबाची बाजू पाहू. अमेरिकेहून निघताना दोन मोठ्या बॅगा नेता येत. परंतु चीनमधील अंतर्गत विमानांत सामान्य वर्गाला माणशी २० किलोंची मर्यादा होती. डायपर, दुधाचे डबे, औषधे, कपडे आणि खेळणी घरूनच बांधून नेणाऱ्यांना पहिल्या अंतर्गत विमानतळावरच जादा वजनाचे पैसे मोजावे लागत. बालगृहासाठी द्यावयाची देणगी अनेक वर्षे ३,००० डॉलर होती आणि ती रोख द्यावी लागे. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या हव्यात, असे प्रत्येक कुटुंबाला बजावले जाई. त्या काळी, म्हणजे जुलै २००५ पर्यंत, एका डॉलरला सुमारे ८.२८ युआन हा दर स्थिर होता. चीनमधील सर्वांत मोठी नोट १०० युआनची. म्हणजे याच रकमेचे युआन करावयाचे, तर सुमारे २५० नोटांचे पुडके होईल. बँकेत परकीय चलनाचे काम केलेल्या माणसाला हे वाचताना त्या प्रवाशांच्या कमरेचा पट्टा डोळ्यांसमोर येतो.

वजनाचा हा प्रश्न सोडविण्याचा उपाय सरळ होता : न्यावयाचे थोडे आणि घ्यावयाचे तेथे. १९९५ पासून कारफूर आणि १९९६ पासून वॉलमार्ट या साखळ्यांची दुकाने चीनमध्ये उघडली व हळूहळू मोठ्या शहरांत पसरली. मूल हाती आल्याच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आईबाप दुभाष्याला घेऊन अशा दुकानात शिरत. डायपर तेथे मिळत, बाटल्या मिळत, दुधाची पावडरही मिळे. प्रश्न उपलब्धतेचा राहिला नव्हता. काय निवडावयाचे, हा खरा प्रश्न होता.

पहिली अडचण मापाची. अमेरिकेतील कपड्यांवर महिने लिहिलेले असतात : सहा महिने, बारा महिने, अठरा महिने. बालगृहात वाढलेले वर्षाचे मूल त्या मापात हरवून जाई. चिनी कपड्यांवर मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये असते : ७३, ८०, ९०. मुलाची उंची मोजून गेले की कपडा बरोबर बसतो. डायपरचेही तसेच; पाकिटावर लिहिलेले वजन पाहावयाचे, वय नव्हे. त्यातही अनेक मुलांना डायपरची सवय नसे. चीनमध्ये लहान मुलांना मधोमध शिवण उघडी ठेवलेली विजार घालण्याची जुनी रीत आहे. सेविका ठरावीक वेळी मुलाला बसवीत आणि काम भागे. अशा मुलाला एकाएकी जाड डायपरमध्ये बांधले की ते कुरकुरणारच.

दुसरी अडचण दुधाची, आणि ती अधिक नाजूक होती. अनेक बालगृहांत दूध चांगले गरम, कित्येकदा तांदळाचे पीठ घालून दाट केलेले देत आणि ते भराभर यावे म्हणून बाटलीच्या बुचाचे छिद्र मोठे केलेले असे. आईबाप घरून उत्तम प्रतीची बाटली आणि महागडी पावडर घेऊन आलेले असत. मूल त्या बाटलीकडे तोंडही फिरवीत नसे. एका दिवसात त्याची माणसे, खोली, अंथरूण, भाषा, सारे बदललेले. त्यात दूधही बदलले, तर त्याने कशाचा आधार घ्यावा? म्हणून जाणकार कुटुंबे सेविकेला पहिला प्रश्न हाच विचारीत : कोणती पावडर, किती चमचे, किती गरम, किती वाजता? तीच पावडर ती विकत घेत, बुचाचे छिद्र तसेच मोठे करीत आणि नव्या दुधाचा अंश रोज थोडा थोडा वाढवीत आठवड्या-दोन आठवड्यांत मुलाला घरच्या दुधावर आणीत. चिनी हॉटेलांच्या खोल्यांत उकळत्या पाण्याची सोय असतेच. तीही येथे उपयोगी पडे.

परंतु २००८ च्या सप्टेंबरात या सल्ल्यापुढे मोठे प्रश्नचिन्ह उभे राहिले. सानलू या मोठ्या कंपनीच्या व अन्य काही उत्पादकांच्या दूध पावडरीत मेलामिन हे रसायन सापडले. पाणी घातलेल्या दुधात प्रथिने अधिक दिसावीत, म्हणून केलेली ती भेसळ होती. सुमारे तीन लाख मुलांना मूत्रपिंडाचे विकार झाले आणि सहा अर्भके दगावली. ओळखीची चव आणि सुरक्षित दूध यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा सुरक्षिततेलाच अग्रक्रम देणे भाग होते. या प्रकरणाचे व्यापारी पडसाद वर्षानुवर्षे उमटत राहिले. चिनी आईबाप हाँगकाँगहून डबे आणू लागले. तेथील दुकाने इतकी रिकामी झाली, की १ मार्च २०१३ पासून हाँगकाँगबाहेर माणशी १.८ किलो, म्हणजे दोन डबे, यापेक्षा अधिक पावडर नेण्यास बंदी झाली. भेसळीने एका दिवसात गमावलेली पत कायद्याने परत मिळत नाही, हे व्यापारी कुटुंबांना निराळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट कपड्यांच्या थरांची. परदेशी आई मुलाला हलक्या कपड्यांत घेऊन बाहेर पडली, की रस्त्यावरच्या चिनी आज्या तिला थांबवीत, मुलाचे पाय चाचपून पाहत आणि आणखी कपडे घाल, असे खुणेने खडसावीत. आपल्याकडेही बाळाचे कान उघडे दिसले तर कोणती आजी गप्प बसते? शहाण्या आया रागावत नसत. जवळच्या दुकानातून एक जाड बंडी घेत. मुलालाही थरांची सवय असे आणि त्या उबेत ते शांत होई.

हा सारा प्रवास संपे तो ग्वांगझौच्या शामियान बेटावर. मोती नदीतील ही मूळची वाळूची पुळण. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश व फ्रेंचांना व्यापारी वसाहतीसाठी दिलेली. अमेरिकेचा दूतावास येथेच होता आणि त्याला लागून १९८३ साली उघडलेले व्हाइट स्वान हॉटेल होते. नवी बाळे कडेवर घेतलेल्या कुटुंबांनी ते इतके भरलेले असे, की तेथील तांबड्या कोचावर मुलींना ओळीने बसवून छायाचित्र काढण्याची प्रथाच पडली. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने तर कडेवर चिनी बाळ घेतलेली बार्बी खास तयार केली. ती विक्रीस नव्हती. या हॉटेलात उतरलेल्या दत्तक कुटुंबांना भेट म्हणून मिळे.

बेटावरील लहान दुकानदारांची व्यापारदृष्टी मला अधिक मोलाची वाटते. गिऱ्हाइकाला सर्वांत जड काय जाते, हे त्यांनी ओळखले होते. थकलेल्या आईबापांना बाबागाडी हवी. पण चार दिवसांसाठी ती विकत घेणे आणि विमानाने नेणे परवडत नाही. दुकानदारांनी बाबागाड्या मोफत वापरावयास दिल्या. हॉटेलपेक्षा स्वस्त दरात कपडे धुऊन देण्याची सोय केली. मग गाडी परत करावयास आलेले कुटुंब रेशमी झबले घेई, चालताना पीं पीं वाजणारे बूट घेई, मुलीचे चिनी नाव कोरलेला शिक्का घेई. कित्येक आया तर एकाच नमुन्याचे चढत्या मापांचे रेशमी पोशाख घेत, वाढत्या वयात एकेक घालता यावा म्हणून. आधी सोय आणि मग विक्री हा आपल्या जुन्या पेढ्यांचा शिरस्ता येथे दिसतो.

तो बाजार आता राहिला नाही. चीनमध्येच दत्तक घेणारी कुटुंबे वाढली, नियम कडक झाले, आणि २०१९ साली अमेरिकेत गेलेल्या मुलांची संख्या ८०० च्या आसपास आली. दूतावास २०१३ साली शहराच्या दुसऱ्या भागात गेला. २०२० मध्ये महासाथीमुळे प्रवास थांबले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने नात्यातील काही अपवाद सोडून परदेशी दत्तक बंद केल्याचे जाहीर केले. ज्यांचे मूल ठरले होते, छायाचित्र हाती आले होते, अशा काहीशे अमेरिकन कुटुंबांची वाट तेथेच खुंटली. खरेदीची यादी करून बसलेल्या आईबापांना याहून मोठा तोटा कोणता?

आपला या विषयाशी संबंध येतो तो उलट बाजूने. भारतानेही २००३ साली आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारास मान्यता दिली. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या व्यवस्थेत अनिवासी भारतीय पालकांना प्राधान्याच्या बाबतीत येथील पालकांच्या बरोबरीने धरले जाते. म्हणजे अमेरिकेत वा आखातात स्थिरावलेली आपली लेक-जावई, पुतण्या-सूनबाई पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूरच्या संस्थेतून मूल घेण्यासाठी येतात, तेव्हा खरेदीची पिशवी आपल्याच हाती येते. ग्वांगझौच्या अनुभवाचा उपयोग तेथे आहे.

संस्थेकडून मुलाचा अभ्यास अहवाल व वैद्यकीय अहवाल पालकांना मिळतो. तो नीट वाचावा, आणि उंची-वजन ताजे मागून घेऊनच कपडे घ्यावेत. संस्थेतील मावशींना विचारावे : मूल पेज खाते की मऊ वरणभात, दूध वाटीने पिते की बाटलीने, झोपताना काय जवळ लागते? तेच पीठ, त्याच प्रकारची वाटी घ्यावी. संस्थेने मुलाचे वापरलेले दुपटे किंवा खेळणे दिले तर ते आनंदाने घ्यावे आणि लगेच धुवू नये. त्यातला वास हीच त्या मुलाची एकमेव ओळखीची वस्तू असते. विमानात बाळाच्या खाण्याला द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून सवलत असते. तेव्हा दोन वेळचे नेहमीचे खाणे हाताशी ठेवावे. आणि आजी-आजोबांसाठी एक कठीण पथ्य : पहिले काही आठवडे मुलाला भरवण्याचे व झोपवण्याचे काम फक्त आईबापांनाच करू द्यावे. सोनसाखळी, मोटारगाड्या, दहा जणांच्या कडा हे सारे पुढे आयुष्यभर आहेच.

व्यापारात आपण वस्तूची किंमत बाजारभावाने करतो. दत्तक मुलाच्या बाळंतविड्यात मात्र पहिल्या दिवशी उघड्या शिवणीची साधी विजार मखमली झबल्याहून आणि पिठाळ गरम दूध आयात केलेल्या डब्याहून मोलाचे ठरते. कारण त्या दिवशी मुलाला नवीन असे भरपूर मिळालेले असते. कमी पडते ते जुने. तेवढे जुने शोधून, विचारून, प्रसंगी त्याच गावच्या बाजारातून विकत घेऊन जो त्याच्या हाती देईल, त्याच्याकडे ते मूल आधी विश्वासाने पाहील. बाकीची खरेदी सवडीने करावी.