निरोप आला तेव्हा पेशी काय करत होती?

एका फलित अंड्यापासून सारे शरीर घडते. एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढतात आणि त्यांतल्या काही स्नायू होतात, काही मज्जापेशी, काही रक्त. असे सांगताना विभाजनाकडे आपण नुसती संख्या वाढवणारे काम म्हणून पाहतो आणि कोणी काय व्हायचे हे रासायनिक निरोपांवर सोपवून मोकळे होतो. ही वाटणी मला पटत नाही. निरोप पोचला तेव्हा पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर होती आणि दोन विभाजनांमध्ये तिला किती वेळ मिळाला, यावरही तिचे भवितव्य ठरते.

फळमाशीचा भ्रूण पाहा. त्यात केंद्रकाची पहिली १३ विभाजने झपाट्याने उरकतात, सुरुवातीची तर ८-९ मिनिटांना एक. जनुकाची नक्कल मात्र मिनिटाला साधारण हजार-दीड हजार अक्षरे एवढ्याच वेगाने उतरते, आणि विभाजन सुरू झाले की अर्धवट नकला वाया जातात. लांबलचक जनुकाला मग वेळच पुरत नाही. पोटाचे खंड पाडणारे ‘क्निर्प्स’ हे जनुक जेमतेम ३,००० अक्षरांचे आहे. त्याचे एक भावंड त्याच भागात चालू होते, त्याचे प्रथिनही तेच काम करू शकते. पण मध्ये एक भलामोठा तुकडा असल्याने त्याची लांबी २३,००० अक्षरांवर जाते. क्निर्प्स बिघडले, तर हे भावंड हाताशी असूनही कामी येत नाही आणि अळीच्या पोटाचे खंड एकमेकांत मिसळतात. १९९२ मध्ये हर्बर्ट येक्ले आणि सहकाऱ्यांनी तो मधला तुकडा वगळून भावंडाची आखूड आवृत्ती माशीत घातली, तेव्हा खंड पुन्हा पडले. प्रथिन तेच होते. फक्त आता त्याची नक्कल वेळेत पुरी होत होती.

मेंदूतला पुरावा मला याहून विलक्षण वाटतो. मेंदूच्या बाह्यपटलात खालच्या थरांच्या पेशी आधी जन्मतात, वरच्या थरांच्या नंतर. सुझन मॅक्‌कॉनेल आणि सहकाऱ्याने १९९१ मध्ये फेरेट या लांबट अंगाच्या प्राण्याच्या कोवळ्या मेंदूतून खालच्या थराकडे जाणार असलेल्या पेशी काढल्या आणि वरचे थर घडत असलेल्या, वयाने पुढच्या मेंदूत रोवल्या. डीएनएची प्रत काढण्याचे काम चालू असताना हलवलेल्या पेशींनी नव्या घराचे ऐकले आणि त्या वरच्या थरात गेल्या. ते काम आटोपल्यावर, अवघ्या काही तासांच्या फरकाने हलवलेल्या पेशी मात्र खालच्याच थरात जाऊन बसल्या. नवा परिसर दोघींनाही सारखाच मिळाला होता.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. १९७३ मध्ये व्हिटेकर यांनी अ‍ॅसिडियन या समुद्री जीवाच्या भ्रूणातले विभाजन औषधाने थांबवले, तरीही ज्या पेशींपासून स्नायू व्हायचे त्यांत स्नायूचे एन्झाइम ठरल्या वेळी दिसले. म्हणजे भ्रूणात विभाजनाखेरीज दुसरीही घड्याळे आहेत, हे मान्यच करायला हवे. पण तिथे स्नायूचा ऐवज अंड्यातच ठेवलेला असतो. पेशीला बाहेरच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. फेरेटच्या पेशींना पाहावी लागते, म्हणून तिथे टप्पा निर्णायक ठरतो. दुसरी शंका कार्यकारणाची. उंदराच्या मेंदूत मज्जापेशी बनण्याच्या काळात विभाजनाचे चक्र सुमारे ८ तासांवरून १८ तासांपर्यंत लांबते. पण पेशीचा निर्णय आधी झाला आणि चक्र त्यामुळे मंदावले, असेही असू शकेल. २००९ मध्ये फेदेरिको कालेगारी यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणात चक्राचा पहिला टप्पा मुद्दाम आखूड केला. मज्जापेशी बनणे लांबले, जनकपेशी वाढत राहिल्या. आणि हा कृत्रिम बदल मागे घेतल्यावर त्या वाढीव जनकपेशींपासून बाह्यपटलाचे क्षेत्रफळ नेहमीपेक्षा मोठे झाले.