समुद्रावरील लहरींची वाटणी

बिनतारी संदेशवहन म्हटले की मोबाईलचा मनोरा आणि त्याच्या आज्ञेत चालणारा फोन एवढेच सहसा डोळ्यांपुढे येते. परंतु जिथे मनोऱ्याची कक्षा संपते, तिथे उपकरणांनी आपापसांत नियम पाळून एकच लहरीपट्टा वाटून घेतला तरच संवाद शक्य होतो. वसईचे पाचूबंदर, किल्लाबंदर आणि अर्नाळा येथून खोल समुद्रात जाणाऱ्या मासेमारी बोटींसाठी हा प्रश्न थेट जिवाशी निगडित आहे.

जहाजे परस्परांची ओळख पटवण्यासाठी ज्या व्हीएचएफ रेडिओलहरी वापरतात, त्या क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला सुमारे ४.१ ने गुणले की रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. म्हणजेच ५ मीटर उंचीची अँटेना असलेल्या दोन बोटींचा संपर्क सुमारे १८ किलोमीटरपर्यंत राहतो आणि किनाऱ्यावर १०० मीटरचा मनोरा उभारला, तरी तोही अशा बोटीला सुमारे ५० किलोमीटरपर्यंतच उपयोगी पडतो.

या मर्यादेत काम करणारी व्यवस्था म्हणजे स्वयंचलित ओळख प्रणाली, अर्थात एआयएस. तिच्या दोन वाहिन्यांपैकी प्रत्येकीवर एका मिनिटाचे २,२५० समान कालखंड पाडलेले असतात आणि सर्व संचांची घड्याळे उपग्रहाकडून मिळणाऱ्या वेळेशी जुळवलेली असतात. जहाजावरचा संच आधी काही काळ नुसता ऐकतो, मोकळा कालखंड निवडतो, त्यात आपले स्थान, दिशा आणि वेग कळवतो आणि त्याच संदेशात पुढच्या वेळी कोणता कालखंड वापरणार हेही जाहीर करतो. ते ऐकणारे इतर संच तो कालखंड सोडून देतात. डोल जाळ्यांसाठी कव मारताना, म्हणजे समुद्रात खुंट रोवून जागा धरताना, दुसऱ्याच्या जागेचा मान राखणे कोळीवाड्यात अपेक्षित असते, तसाच हा संकेत आहे. असा संकेत नसेल तर काय होते, हे हवाईतील १९७१ च्या ‘अलोहा’ जाळ्यावरून स्पष्ट झाले होते: ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा संदेश धाडायचा ठरवला, तर संदेश एकमेकांवर आदळतात आणि वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते.

गर्दी वाढून सगळे कालखंड भरले, तर संच सर्वांत दूरच्या जहाजाचा कालखंड पुन्हा वापरतो. त्यामुळे जाळे कोलमडत नाही, फक्त त्याची कक्षा आक्रसते आणि टक्कर टाळण्यासाठी ज्यांची खबर सर्वाधिक गरजेची, ती जवळची जहाजे दिसत राहतात. या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद हीच म्हणावी लागेल.

मात्र या सहकार्यात सर्वांचे स्थान सारखे नाही. मोठ्या जहाजांवरील ‘ए’ वर्गाचा संच १२.५ वॉट शक्तीने बोलतो आणि कालखंड राखून ठेवतो. लहान बोटींसाठीचा साधा ‘बी’ वर्गाचा संच २ वॉटचा असून, कालखंड मोकळा आढळला तरच बोलतो, नाहीतर थांबतो. म्हणजे वाहतूक दाटते तेव्हा ज्या बोटीला दिसण्याची निकड अधिक, तिलाच माघार घ्यावी लागते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले १ लाख ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्याने बसवण्याच्या, सुमारे ३६० कोटी रुपयांच्या देशव्यापी योजनेचाही आरंभ झाला. उपग्रहामार्फत दुतर्फा संदेश देणारे हे उपकरण संकटात किनाऱ्याशी नाते राखते, म्हणून ते मोलाचेच आहे. पण समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाच्या पडद्यावर बोट उमटवण्याचे काम एआयएसचे आहे आणि बंदरामुळे अशी जहाजे या समुद्रात वाढणार आहेत. कालखंड राखून ठेवणारा ५ वॉटचा सुधारित ‘बी’ वर्गाचा संच आज अस्तित्वात आहे. बंदर उभे राहण्यापूर्वी तो अनुदानासह वसई ते डहाणूपर्यंतच्या लहान बोटींपर्यंतही पोहोचवण्याचे काम मत्स्यव्यवसाय विभागाने हाती घ्यावे.