आरोपी खेळाडू आणि संघाची नीती

इतवारीतील एखाद्या पेढीत मुनिमाच्या हिशेबाविषयी संशय आला, तर सुज्ञ शेठ तिजोरीच्या किल्ल्या तत्काळ स्वतःकडे घेतात. पण वह्या तपासून होईपर्यंत त्यास चोर म्हणत नाहीत. नामवंत खेळाडूवर फौजदारी गुन्हा दाखल झाल्यास संघानेही हीच नीती पाळावी.

मे २०१३ मध्ये श्रीशांत, मुंबईचा अंकित चव्हाण व अजित चंडिला यांना स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून अटक झाली. राजस्थान रॉयल्सने त्यांना लगेच निलंबित केले. ते उचितच होते. सप्टेंबरात क्रिकेट मंडळाने श्रीशांत व चव्हाण यांच्यावर आजीवन बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, तरी बंदी कायम राहिली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठपका न पुसता श्रीशांतच्या शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले. तेव्हा ती सात वर्षांवर आली.

न्यायालयाचा निकाल आणि खेळाची शिस्त ही दोन निराळी खाती आहेत, हे खरे. परंतु शिस्तीच्या चौकशीलाही मुदत हवी, शिक्षेलाही माप हवे. खेळाडूच्या उमेदीची वर्षे थोडी. गेलेली कोणी परत देत नाही. आणि किल्ल्या घेताना मुनीम जुना की नवा, हे पाहू नये.