सेंटर फॉरवर्ड नेव्हिल डिसूझा

आंतर-हाउस सामन्यांची यादी लागली की सेंटर फॉरवर्डच्या जागेसाठी चढाओढ सुरू होते. गोल तो करतो आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. पण प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत दणकट बचावपटू पूर्ण वेळ त्याला चिकटून असतो. चेंडू क्वचितच मिळतो, आणि मिळालेली संधी हुकली तर ती कोणी विसरत नाही. ही जागा कशी खेळावी हे समजून घ्यायचे असेल, तर कॅडेट मित्रांनी नेव्हिल डिसूझा यांची माहिती अवश्य करून घ्यावी.

डिसूझा यांचा जन्म 1932 चा, गोव्यातील आसगावचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. त्यांचा खेळ मात्र बहरला मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांकडून.

त्यांच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी चार वर्षे मागे जायला हवे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाकडून 10-1 असे हरले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी संघ नव्याने बांधला आणि 1956 ला तो मेलबर्नला गेला.

हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी न खेळताच आपण पुढे गेलो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण 1 डिसेंबरचा सामना कोणी बहाल केला नव्हता. समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. डिसूझांनी 9 व्या मिनिटाला गोल केला, ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. 33 व्या मिनिटाला त्यांनी पुन्हा आघाडी दिली, पुन्हा बरोबरी झाली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत त्यांचा तिसरा गोल! शेवटी किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत 4-2 ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे डिसूझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. दोनदा केलेली मेहनत पुसली गेल्यावर तिसऱ्यांदा तितक्याच जोमाने धावणे, हे मला त्या तीन गोलांहूनही मोठे वाटते.

उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया. 52 व्या मिनिटाला डिसूझांनी गोल केला आणि चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला संघ चक्क आघाडीवर गेला. ही आघाडी दोन-तीन मिनिटेच टिकली. सामना आपण 1-4 ने हरलो. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने 3-0 ने हरवले. ब्रिटनच्या संघाला 6-1 ने घरी पाठवणारा तो हाच बल्गेरिया.

डिसूझा यांचे चार गोल स्पर्धेत सर्वाधिक होते, पण तो मान तिघांत वाटला गेला. युगोस्लाव्हियाचे व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव यांचेही चार-चार गोल झाले. गंमत अशी, की दोघांचाही चौथा गोल भारताविरुद्धचाच!

1960 च्या रोम ऑलिंपिक संघात डिसूझा नव्हते. त्यामुळे त्यांची ऑलिंपिक कारकीर्द तीन सामन्यांची, चार गोलांची. 1980 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतीय फुटबॉल संघाला ऑलिंपिकमध्ये मेलबर्नच्या चौथ्या क्रमांकापुढे आजवर जाता आलेले नाही.