पेसमेकरच्या पोटातला काटकसरी तराजू

पेसमेकर बसवायचे ठरले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा, ‘बॅटरी किती वर्षे चालेल?’ हा. प्रश्न रास्त आहे. पेसमेकरची बॅटरी वेगळी काढता येत नाही. ती संपत आली की शस्त्रक्रिया करून पूर्ण डबीच बदलावी लागते, आणि या वेळी जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर काही तासच चालला. आयुष्यभरात त्यांना वीसहून अधिक डब्या बदलाव्या लागल्या.

बॅटरीची क्षमता साधारण १ अँपिअर-तास धरू. दहा वर्षांचे तास होतात ८७,६००. म्हणजे सरासरी ११ मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज खर्चायची मुभा. त्यातच ठोके द्यायचे आणि हृदयाचे ऐकायचेही.

हे ऐकणे महत्त्वाचे. हृदयाने स्वतः ठोका दिला तर यंत्राने गप्प बसायचे असते. हृदयातून येणारा विजेचा चढउतार सलग असतो, आधुनिक पेसमेकरमधल्या प्रोसेसरला मात्र आकडे लागतात. हे रूपांतर करणारे सर्किट म्हणजे ‘ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर’. त्याचा कमी वीज खाणारा प्रकार वाण्याच्या तराजूसारखा चालतो. आधी १२८ चे वजन टाकायचे. जड झाले तर काढायचे, नाही तर ठेवायचे. मग ६४, ३२, असे १ पर्यंत. आठ तुलनांत २५६ पायऱ्यांपैकी नेमकी पायरी सापडते. इथली वजने म्हणजे सूक्ष्म कपॅसिटर.

कपॅसिटर भरायला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज निम्मे केले की खर्च पाव. मग आणखी कमी का करू नये? कारण व्होल्टेजबरोबर सिग्नलला मिळणारी जागा निम्मी होते, पण उष्णतेमुळे होणारी इलेक्ट्रॉनची खळबळ तेवढीच राहते. ती निम्मी करायची तर कपॅसिटर चौपट मोठा हवा, आणि मग वाचवलेली सगळी वीज तिथेच जाते! शिवाय कर्णिकेचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. त्यामुळे आधी तो मोठा करून घ्यावा लागतो. खळबळीलाच ठोका समजून यंत्र गप्प बसले, तर त्यावर पूर्ण अवलंबून असलेला रुग्ण चक्कर येऊन कोसळू शकतो.

अभियंत्यांच्या मदतीला येतो तो हृदयाचा संथपणा. सेकंदाला काहीशे ते हजारभर मोजण्या पुरतात. मोबाइलच्या चिपपुढे हे काहीच नाही. दोन मोजण्यांमध्ये सर्किट झोपवता येते. झोपेतही ट्रान्झिस्टरमधून थोडी वीज गळतेच. म्हणून इथे नव्यातल्या नव्या, अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरपेक्षा थोडे जुने, मोठे आणि कमी गळणारे ट्रान्झिस्टर बरे.

पेसमेकर आपल्या बॅटरीचीही मोजणी करत असतो. बदलायची वेळ जवळ आल्याची सूचना तपासणीत काही महिने आधी मिळते. ‘बरे वाटतेय’ म्हणून तपासणी चुकवणाऱ्यांना ती मिळत नाही.