कुलपाला मुदत हवी

येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही. कारागृहात गेलेल्याला आपल्यावरचे कलम ठाऊक असते, वकील मिळतो आणि शिक्षा झाली तर तिची मुदत कळते. मनोरुग्णालयात मनाविरुद्ध दाखल केलेल्या सज्ञान माणसाचे दीर्घकाळ तसे नव्हते. त्याने गुन्हा केलेला नसे, पण आत किती दिवस राहायचे हे नातेवाईक, डॉक्टर आणि दंडाधिकारी ठरवत. ‘मी बरा आहे’ असे तो म्हणालाच, तर तेही आजाराचेच लक्षण मानले जाई.

या व्यवस्थेचा पाया 1858 च्या वसाहतकालीन कायद्यांनी घातला आणि 1912 च्या ‘लुनॅसी’ कायद्याने तो पक्का केला. वेड्यापासून समाजाला वाचवायचे, ही त्यामागची दृष्टी. 1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1993 मध्ये लागू होईपर्यंत, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही जवळपास 46 वर्षे, आपण 1912 चाच कायदा वापरत होतो. 1987 च्या कायद्याने ‘वेडा’ हा शब्द काढला खरा. तरी नातेवाइकाचा किंवा मित्राचा अर्ज आणि दोन वैद्यकीय दाखले एवढ्यावर माणसाला 90 दिवसांपर्यंत दाखल करून ठेवता येत होते. त्याच 1993 मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात डांबणे घटनाबाह्य आहे. पुढे 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसे पळू शकली नाहीत आणि 28 जणांचा बळी गेला.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने 2007 मध्ये मान्यता दिली. त्यानुसार देशी कायदा बदलणे भाग होते. त्यातून 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याच्या मसुद्यात पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पठारे यांचा महत्त्वाचा वाटा होता.

नव्या कायद्यात निव्वळ निदान हे कोंडून ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक किंवा राजकीय मूल्यांशी न पटणे म्हणजे मनोविकार नव्हे, हे कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिले आहे. पूर्वी कधी उपचार झाले होते, तेवढ्यावरून आज कोणाला रुग्ण ठरवता येत नाही. कलम 89 खाली मनाविरुद्ध दाखल करायचे, तर एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते. स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा किंवा स्वतःची काळजी घेण्याची गंभीर असमर्थता यांपैकी काहीतरी अलीकडे दिसलेले असावे लागते. याहून कमी बंधनाचा उपाय नाही, याचीही खात्री हवी.

या कायद्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे त्याने कुलपाला मुदत घातली. पहिली मुदत 30 दिवसांची. दाखल केल्याची खबर 7 दिवसांत, आणि रुग्ण स्त्री असेल तर 3 दिवसांत, या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावीच लागते. रुग्णाने दाद मागितली, तर मंडळाने 7 दिवसांत निर्णय द्यायचा. तीस दिवसांनंतरही ठेवायचे असेल, तर दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. तीही आधी 90, मग 120, मग 180 दिवसांची. स्वेच्छेने दाखल झालेल्याने घरी जायचे म्हटले, तर तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवता येते. रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी कोठडीत ठेवायचे नाही. 24 तासांत सरकारी रुग्णालयात न्यायचे. साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचे झटके देणे, दोन्हींवर बंदी आहे. मोफत कायदेशीर मदत हाही हक्क आहे.

कायदा दिवस मोजतो. ते खरोखर मोजले जातात की नाही, हे मंडळाने पाहायचे. घोडे अडते ते इथेच. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही वर्षानुवर्षे आत राहिलेल्या माणसांचा आणि कायद्याच्या रखडलेल्या अंमलबजावणीचा प्रश्न मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात नेला. जुलै 2021 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला फटकारले, कारण बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. घरच्यांनी नाकारले म्हणून कोणी रुग्णालयात अडकून पडता कामा नये, असे कलम 19 म्हणते. कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी सरकारने मदत करावी, असेही तेच कलम सांगते. या कलमाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

हा कायदाही पुरेसा नाही, असे मानणारे आहेत. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या संस्थापक दिवंगत भार्गवी दावर यांचा सक्तीच्या उपचारांनाच विरोध होता. संमतीशिवायची सेवा ही सेवाच नव्हे, अशी त्यांची भूमिका. दुसऱ्या बाजूला, आजारी मुलाच्या रात्री दोन वाजता पेटलेल्या संशयासमोर हतबल झालेली आई विचारते, कागदपत्रे होईपर्यंत मी काय करू? तिच्यासाठी कायद्यात 72 तासांच्या तातडीच्या उपचारांची सोय आहे. दोघींचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच रुग्णालयाच्या फाटकाबाहेर समुपदेशन, निवारा आणि घरापर्यंत येणारी सेवा उभी राहिली, तरच सक्तीची वेळ कमी वेळा येईल.

वाचकांनी एक गोष्ट मात्र आजच करावी. आपण धडधाकट असतानाच साध्या कागदावर, सहीनिशी, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याचे आगाऊ निर्देशही लेखी देऊन ठेवता येतात. मृत्युपत्र करताना आपण मृत्यूनंतरच्या मालमत्तेचा विचार करतो. हा कागद जिवंतपणीच्या स्वातंत्र्यासाठी आहे. तो आधी करा.